द विचर 3 हा 2015 चा गेम आज घेऊन खेळण्यासारखा आहे का?

हो, नक्की घ्या, आणि गोष्टीसाठी घ्या. वेलेन या गेममधल्या प्रदेशातला ब्लडी बॅरन बघा. दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा माणूस. त्याचं जन्माआधीच गेलेलं बाळ, धड मूठमातीही न मिळाल्याने पिशाच्च झालेलं. त्याला बॅरननेच हातांत धरून उंबरठ्यापर्यंत न्यायचं. वाटेत ते चवताळतं, आपण शेजारी चालत ॲक्सी ही मनावर ताबा मिळवणारी जादू वापरून त्याला शांत करायचं. मग बाप त्याला नाव देतो. तिथे मी कंट्रोलर बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो. एका दुय्यम पात्रासाठी एवढं लिहिणारे गेम फार थोडे.

लढाई मात्र तीस-चाळीस तासांनी तीच ती वाटते: क्वेन (ढालीची जादू) लावा, बाजूला उडी, दोन वार. घोडी कुंपणाला अडते, सामानाचं वजन सारखं आडवं येतं. स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणारी प्रश्नचिन्हं तर खुशाल सोडा, बहुतेक तस्करांच्या पेट्याच आहेत. व्हाइट ऑर्चर्डचा सुरुवातीचा भाग संथ वाटेल, पण वेलेन येईपर्यंत सोडू नका. आणि 2016 चं ब्लड अँड वाइन हे एक्सपान्शन (गेमचा जोडभाग) सोबत मिळत असेल तर तेच पॅकेज घ्या.