पगार सात लाखांनी वाढतोय, मग शिल्लक कुठे गेली?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: मी ३४ वर्षांची, नाशिकला एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ११ लाख; महिन्याला हातात ७६ हजार. नवरा अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात, त्यांच्या हातात ४२ हजार. घर स्वतःचं, हप्ता १९ हजार. सगळा खर्च जाऊन महिन्याला ३५ हजार शिल्लक राहतात. सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेही, आमच्यासोबतच असतात. मुलगी पहिलीत. मला बंगळूरुहून १८ लाखांची ऑफर आली आहे, ऑफिस मराठहळ्ळीला. तुलना करणाऱ्या एका साइटवर पाहिलं तर तिथला खर्च थोडाच जास्त दिसतो. हे मात्र म्हणतात, "वाढलेला सगळा पगार भाड्यात जाईल." त्यांना माझी प्रगती बघवत नाही का, असं मनात येतं आणि मग दोन-दोन दिवस अबोला. काय करू?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या मनातल्या प्रश्नाकडे येणारच आहे, पण आधी वही-पेन घ्या. तुम्ही दोघं दोन वेगळे हिशेब मांडून भांडताय. तुम्ही ११ लाखांशेजारी १८ लाख ठेवलेत, त्यांनी नुसतं भाडं धरलं. ज्या आकड्यावर हा निर्णय खरा अवलंबून आहे, तो दोघांच्याही हिशेबात नाही. तो आकडा म्हणजे त्यांचे ४२ हजार, कारण सगळे बंगळूरुला गेलात तर त्यांची ही नोकरी सुटेल.

१८ लाखांपासून सुरुवात करू. त्यातले २ लाख व्हेरिएबल आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते वर्षाअखेरीस, कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीप्रमाणे मिळणार, म्हणून घरखर्चाच्या हिशेबात धरू नका. उरले १६ लाख. बेसिक (मूळ पगार) त्याच्या निम्मं, म्हणजे ८ लाख धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ९६ हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ३८ हजार आणि विम्याचा हप्ता दहा-बारा हजार, हे सगळं त्या १६ लाखांतूनच जातं. राहिले साडेचौदा लाख. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा ९६ हजार, व्यवसाय कर अडीच हजार आणि आयकर. आज तुमचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत असल्याने नव्या करप्रणालीत तुम्हाला कर शून्य आहे. ही मर्यादा ओलांडली की चार लाखांच्या पुढच्या टप्प्यांपासून कर मोजला जातो. २०२५-२६ च्या दरांनी तो सुमारे ९० हजार होईल. म्हणजे हातात महिना १ लाख ५ हजार. आणि आज तुम्हा दोघांचे मिळून येतात १ लाख १८ हजार.

हे वाचून हिरमुसू नका. तुमचा आणि कंपनीचा वाटा मिळून तुमच्या पीएफमध्ये महिन्याला आजच्यापेक्षा पाचेक हजार जास्त साठतील आणि तेही तुमचेच पैसे आहेत. फक्त ते पैसे दुधाच्या बिलाला उपयोगी पडत नाहीत.

आता खर्च. तुलनेच्या साइटवर कांदे, टॅक्सी आणि हॉटेलातलं जेवण यांची सरासरी असते. तुमचं कुटुंब त्या सरासरीत बसत नाही, कारण आज तुम्ही भाडंच भरत नाही. मराठहळ्ळी, बेलंदूर, व्हाइटफील्ड या पट्ट्यात सोसायटीतला टू-बीएचके साधारण ३५ ते ४५ हजारांना जातो. सोसायटी नसलेल्या सुट्या इमारतीत किंवा थोडं आत गेलात तर २५ ते ३२. मी ३२ हजार धरते, वर मेंटेनन्स ४ हजार. नाशिकचा फ्लॅट १२ हजारांना जाईल असं तुम्ही म्हणता. पण भाडेकरू बदलताना वर्षातून महिनाभर तो रिकामा राहतो, म्हणून ११ धरा. हप्त्यातले ८ हजार खिशातूनच जातील. शिवाय तिथला मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून २ हजार. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी ना-भोगवटा शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. करार मात्र नोंदणीकृतच करा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

पुढचे आकडे मी तुमच्या पत्रातल्या आजच्या खर्चावरून वाढवून घेतलेत: शाळा आणि व्हॅन १३ हजार, किराणा-दूध-भाजी-गॅस १७, धुणीभांडी ५, वीज-इंटरनेट-फोन-पिण्याचं पाणी ४, तुमचं जाणंयेणं ४, सासूबाईंची औषधं-तपासण्या ५, वर्षातून तीन-चार वेळा चौघांचं नाशिकला जाणंयेणं महिन्यावर पाडून ४, कपडे-सणवार-पाहुणे ५. भाड्यासकट बेरीज १ लाख ३ हजार. शिल्लक २ हजार.

आज ३५ हजार शिल्लक पडतात. म्हणजे यजमानांना तिथे हातात ३३ हजार देणारी नोकरी मिळाली, तरच तुम्ही आज जिथे आहात तिथे पोचता. त्यापुढचं सगळं तुमची प्रगती. तुमच्या मिस्टरांचं उत्तर जवळजवळ बरोबर आलंय, कारण मात्र चुकलंय. पगार भाड्यात जात नाहीये, एक अख्खी मिळकत जातेय.

म्हणून घर शोधण्याआधी त्यांची नोकरी शोधा. त्यांच्या अनुभवाला बंगळूरुत वाव आहे, पण कारखाने शहराच्या चारी टोकांना विखुरलेत. पीण्या वायव्येला, बिडदी म्हैसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र आणि जिगणी दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, होस्कोटे आणि नरसापूर पूर्वेला. तुमचं ऑफिस मराठहळ्ळीला, त्यामुळे व्हाइटफील्ड-होस्कोटेकडची नोकरी तुम्हा दोघांना जमेल. पीण्यातली जमणार नाही, कारण एकाचे रोजचे तीन-साडेतीन तास रस्त्यावर जातील. अंतर नकाशावर मोजू नका. संध्याकाळी सहा वाजता आउटर रिंग रोडवर आठ किलोमीटरला तासभर लागू शकतो. मेट्रोची पर्पल लाइन ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण धावतेय आणि यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्रपर्यंत सुरू झाली. तुमच्या ऑफिसासमोरच्या रिंग रोडवरच्या मार्गाचं मात्र काम चालू आहे. "मेट्रो येतेय" असं सांगून एजंट भाडं वाढवून मागतील. येणाऱ्या मेट्रोसाठी आज पैसे देऊ नका.

घर घेताना कुठे फसगत होते तेही सांगते. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट चालतं. तिथे दहा महिन्यांची जुनी रीत आहे, घासाघीस केली तर पाच-सहावर येते. ३२ हजारांच्या घराला सहा महिने म्हणजे १ लाख ९२ हजार, बिनव्याजी. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापतात. ते करारात लिहिलेलं असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही. "लीज" हा शब्द ऐकलात तर थांबा. तिथे लीज म्हणजे एकरकमी मोठे पैसे मालकाकडे ठेवायचे आणि दरमहा भाडं द्यायचं नाही. त्या घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर तुमची रक्कम अडकते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

आणि पाणी विचारा. "पाणी आहे का" असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतात. नळाला येणारं कावेरीचं की बोअरचं, टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे, असं विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक सोसायट्या टँकरवर होत्या. मालकाकडे मार्च ते मे महिन्यांची मेंटेनन्सची बिलं मागा, म्हणजे खरा आकडा कळेल. बोअरचं पाणी जड असतं. गीझर आणि वॉशिंग मशीन लवकर खराब होतात, केसांची तक्रारही सुरू होते.

पहिल्याच महिन्यात डिपॉझिट, भाडं, मेंटेनन्स, एजंटचा एक महिना आणि सामानाच्या ट्रकचे सुमारे ५० हजार मिळून तीन लाख दहा हजार लागतील. शाळेची प्रवेश फी वेगळी. हे पैसे कंपनीकडे स्थलांतर भत्ता म्हणून मागा, बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय नाही. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागतो का, हेही विचारून घ्या. सामान नेणाऱ्यांना घरी बोलावून यादीवर दर ठरवा. फोनवर ठरवलेला दर सामान गाडीत चढल्यावर वाढतो. जीएसटीचं बिल घ्या आणि निम्मे पैसे सामान उतरल्यावरच द्या. जुनं लोखंडी कपाट नेऊ नका, तेवढ्या वाहतुकीत तिथे दुसरं येईल.

गाडीचं सांगायचं तर, परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी कर्ज असेल तर बँकेचं पत्र, मग नाशिक आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, तिथे आजीवन कर भरून नव्या नंबरासाठी फॉर्म २७ आणि शेवटी एमएच-१५ च्या उरलेल्या कराचा परतावा. कर्नाटकातला कर चांगलाच जड आहे. तुमची कार सात वर्षांची आहे, ती नाशिकलाच विका. स्कूटर न्या.

काही गोष्टी तिथे खरोखर स्वस्त आणि सुखाच्याही आहेत. नंदिनीचं दूध आपल्या पिशवीच्या दुधापेक्षा स्वस्त. उत्तर कर्नाटकातले लोक भरपूर असल्यामुळे ज्वारीचं पीठ सहज मिळतं, भाकरी सुटणार नाही. हवा अशी की एसी लागत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत विजेच्या २०० युनिटच्या आतल्या घरगुती वापराला सवलत आहे आणि ती भाडेकरूंनाही मिळते. कर्नाटकातला रहिवासी पुरावा झाला की तुम्हाला आणि सासूबाईंना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे पडणार नाहीत. पैसे गळतात ते ॲपवरून जेवण मागवण्यात. रोज दोन तास प्रवासात गेले की स्वयंपाक नकोसा होतो आणि महिन्याचे सहा-सात हजार कुठे गेले ते कळत नाही. घर ऑफिसजवळ असण्याचं हेही एक कारण.

मुलीला शाळेत पहिली ते दहावी कन्नड शिकावंच लागेल, बोर्ड कुठलंही असो. या वयात ती सहा महिन्यांत बोलू लागेल, त्याची चिंता नको. मराठी वाचन मात्र घरी रोज घ्यावं लागेल. शाळा सोडल्याचा दाखला घेताना शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, हे नव्या शाळेला आधीच विचारा. परराज्यात प्रवेश घेताना ती बहुधा मागतात आणि सुट्टीत मिळवणं त्रासाचं होतं.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "त्या काय, आमच्याबरोबरच येतील." त्यांना विचारलंत का? भजनी मंडळ, ओळखीचे डॉक्टर, भाजीवाल्याशी बोलणं, हे सगळं मराठीत आहे. कन्नड न येता तिसऱ्या मजल्यावर दिवसभर एकटं बसणं मधुमेही माणसाला सोपं नाही, चालणंच थांबतं. वर्षातले काही महिने नाशिकला राहायचं असं त्या म्हणाल्या, तर फ्लॅट भाड्याने देता येणार नाही. ते ११ हजारही वजा करून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. त्यांना तुमची प्रगती बघवत नाही, असं मला पत्रातून दिसत नाही. बायकोच्या पगारावर, अनोळखी शहरात, रिकाम्या हाताने बसायला लागेल ही भीती मला दिसते. पुरुषाला ते तोंडाने म्हणवत नाही, म्हणून तो भाड्याबद्दल बोलतो. आणि तुम्ही आजवर त्यांना एकदाही विचारलेलं दिसत नाही की त्यांच्या नोकरीचं काय करायचं. ते तुम्ही विचारायला हवं होतं.

ऑफरला लगेच होकार देऊ नका, नकारही नको. एचआरला ईमेल करून महिन्याच्या पगाराची पूर्ण फोड, व्हेरिएबलचे नियम, स्थलांतर भत्ता आणि आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यावं लागेल हे लेखी मागा. रुजू होण्यासाठी दोन महिने मागा. तेवढ्यात यजमान अर्ज करतील. चौघं मिळून चार दिवस तिथे जाऊन या, शनिवार-रविवार नव्हे, मंगळवार ते शुक्रवार. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला तोच प्रवास करा. त्यांची नोकरी ठरली तर जा, मनापासून जा. नाही ठरली, तर पक्का पगार १६ ऐवजी २० लाखांच्या पुढे मागा किंवा महिन्यातून एकच आठवडा तिथे जाऊन बाकी काम नाशिकहून करता येईल का ते विचारा. दोन्ही नाही म्हणाले, तर ही ऑफर तुमच्या घरासाठी नाही.

आज जेवणं झाली की अबोला बाजूला ठेवून वही दोघांच्या मध्ये ठेवा. पहिल्या ओळीवर त्यांचे ४२ हजार लिहा आणि पेन त्यांच्या हातात द्या.