नेपथ्य-प्रकाश शिकायला अमेरिकेत यायचं म्हणतेस, तर आधी हे वाच

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, तीन वर्षं कॉलेजच्या एकांकिकांची प्रकाशयोजना केलीस, दोनदा नेपथ्यही सांभाळलंस आणि आता अमेरिकेत एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, करायचं मनात आहे. तू विचारलंस की तिथे विद्यार्थ्यांना खरीखुरी नाटकं करायला मिळतात की नुसते वर्ग असतात, चित्रकला येत नसताना डिझाइन शिकता येईल का, आणि पैशांचं काय. मी अकरा वर्षांपूर्वी याच वाटेने आले. मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात तीन वर्षं प्रकाशयोजना शिकले, आता एका लहान कॉलेजात तीच शिकवते. मी निघाले तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

नाटकं मिळतात. इथल्या नाट्यविभागाचा वर्षाचा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. बहुतेक ठिकाणी चार ते सहा नाटकं होतात: एखादं शेक्सपिअर, एखादं म्युझिकल, एखादी अगदी नवी संहिता. तिकीट लावून एक-दोन आठवडे प्रयोग होतात. अभिनय बहुतांशी पदवीचे विद्यार्थी करतात आणि तेच सुतारकाम, शिवणकाम, दिवे टांगणं असली कामंही करतात, कारण त्याचे त्यांना क्रेडिट मिळतात. डिझाइनची जबाबदारी एमएफएच्या मुलांवर असते. मी पहिल्या वर्षी वरच्या वर्गातल्या मुलीची सहायक होते. दुसऱ्या वर्षी लहान स्टुडिओतलं नाटक मिळालं आणि तिसऱ्या वर्षी मोठ्या रंगमंचावरचं. हे प्रमाण मात्र कॉलेजागणिक बदलतं. मुलाखतीत हा प्रश्न नक्की विचार: 'तीन वर्षांत माझ्या स्वतःच्या डिझाइनची किती नाटकं प्रत्यक्ष उभी राहतील?' आकडा न सांगता कोणी गोलगोल बोलायला लागलं, तर तिथे जाऊ नकोस.

आता खरा मुद्दा. तू आणि मी ज्या पद्धतीत तयार झालो, ती पद्धत इथे उलटी होते आणि त्याची तयारी पुण्यातच करावी लागते.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत आपण कसं काम करतो, आठव. स्पर्धेचा भर लेखन-अभिनयावर, सामान कमीत कमी. भरत नाट्य मंदिरात मांडामांडीला हातात मोजकी मिनिटं. दोन लेव्हल (लाकडी चौथरे), एक चौकट, चार मोडे. दिवे तिथे असतात तेच घ्यायचे. बाहेर पोरं 'आव्वाज कुणाचा' करत असतात आणि आपण आत शिडीवर चढून दिव्यांना रंगीत जिलेटीन लावत असतो. संध्याकाळी डिमरवर आपलाच हात. नट थोडा थांबला तर आपणही थांबतो, तो रडायला लागला की दिवा हळूहळू खाली आणतो. व्यावसायिक नाटकाचंही मूळ तेच आहे. आज पुणे, उद्या कोल्हापूर, परवा नाशिक, म्हणून सेट गाडीत बसला पाहिजे आणि दुपारी उतरवून रात्रीच्या प्रयोगाला उभा राहिला पाहिजे. त्या गरजेतून आपल्या नेपथ्यकारांनी जे शोधून काढलं, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्या पद्धतीत निर्णय शेवटच्या क्षणी, जागेवर, डोळ्यांनी होतो.

इथे निर्णय आधी होतो, तोही कागदावर. नोव्हेंबरच्या मध्यावर पडदा उघडणार असेल, तर डिझाइनच्या बैठका ऑगस्टमध्ये सुरू होतात, काही वेळा त्याच्याही आधी. पहिल्या बैठकीत दिग्दर्शक नाटकाबद्दल बोलतो. मग नेपथ्यकार पांढऱ्या पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल आणतो. त्यावर चर्चा होते, मोडतोड होते, दुसरं मॉडेल येतं. त्यानंतर टेक्निकल डायरेक्टर लाकूड, लोखंड आणि माणसांचे तास यांचा हिशेब मांडतो आणि 'हा जिना परवडत नाही' असं स्पष्ट सांगतो. काटछाट करून अंतिम नकाशे सप्टेंबरअखेर वर्कशॉपमध्ये जातात आणि तिथे पाचसहा आठवडे सेट बांधला जातो. तालमी सुरू होतात त्या दिवशी नटांना मॉडेल दाखवतात आणि तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत टेपने सेटचा आराखडा आखलेला असतो. आपल्याकडे सेट कसा असेल हे नटांना कित्येकदा रंगीत तालमीलाच कळतं!

माझ्या पहिल्या बैठकीला मी रिकाम्या हातांनी गेले होते. संहिता मला जवळजवळ पाठ होती, डोक्यात सगळं दिसत होतं. दिग्दर्शकाने दुसऱ्या अंकातल्या प्रकाशाबद्दल विचारलं. मी म्हणाले, तालमी बघून करीन. ते आणखी थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, 'पण आज मला काय दिसणार आहे?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीला मी चाळीसेक चित्रं घेऊन गेले: छायाचित्रं, जुनी तैलचित्रं, धुक्यातल्या रस्त्याचे फोटो, कोळशाने काढलेली स्वतःची रेखाटनं. तेव्हा कुठे संवाद सुरू झाला. मनातलं दुसऱ्याला आधीच दाखवता येणं ही इथली पहिली परीक्षा आहे आणि पुढच्या तीन वर्षांतला अर्ध्याहून अधिक अभ्यास त्याचाच असतो.

दुसरा धक्का टेक्निकलच्या आठवड्यात, म्हणजे प्रयोगाआधीच्या तांत्रिक तालमींत बसला. इथे प्रकाशयोजनाकार कन्सोलला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या संगणकी टेबलाला, हात लावत नाही. तो प्रेक्षागृहाच्या मधोमध टेबल मांडून हेडसेट लावून बसतो आणि प्रोग्रामरला सांगतो: अमुक चॅनल इतक्या टक्क्यांवर, इतक्या सेकंदांत. असे दोन-तीनशे क्यू, म्हणजे प्रकाशबदल, रेकॉर्ड होतात. प्रयोगात स्टेज मॅनेजर 'लाइट्स पंचेचाळीस, गो' म्हणते तेव्हा ऑपरेटर एकच बटण दाबतो. पहिला प्रयोग झाला की डिझाइन गोठतं. त्यानंतर तू फक्त प्रेक्षक. मला हे फार जड गेलं. नटाच्या श्वासाबरोबर दिवा हलवायची सवय असलेल्या हातांना काम उरलं नव्हतं. मग हळूहळू कळलं की तो श्वास आधी ओळखून सेकंदांत लिहावा लागतो आणि 'गो' नेमका कुठे म्हणायचा, हे स्टेज मॅनेजरला पटवून द्यावं लागतं. डिमरवर घालवलेली तुझी तीन वर्षं इथेच उपयोगी पडतील. फेड सहा सेकंदांचा हवा की नऊ, हे तुला अंगाने कळेल. माझ्या वर्गातल्या मुलांना ते शिकवायला मला वर्ष लागतं.

आता वर्गांबद्दल. चित्रकलेची काळजी थोडी कमी कर. इंटरमिजिएटला कोणती ग्रेड होती, हे इथे कुणी विचारत नाही. पण रोज काढावं लागतं. पहिल्या सत्रात आठवड्याला तीन तास माणसं बसवून रेखाटन, शिवाय हाताने ड्राफ्टिंग, म्हणजे मोजमापाचे नकाशे काढणं. आराखडा अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात. आपल्याकडेही लेव्हल फुटांतच मोजतात, त्यामुळे तेवढं सोपं जातं. हात बसला की व्हेक्टरवर्क्स, संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं, आजच उतरवून घे. प्रकाशाच्या कन्सोलसाठी ईटीसी या कंपनीच्या ईऑस सॉफ्टवेअरची ऑफलाइन आवृत्तीही फुकट आहे, ती लॅपटॉपवर चालते. बाकी संहितेचं विश्लेषण, वास्तू-फर्निचर-कपड्यांचा इतिहास, रंगसिद्धान्त, मॉडेल बनवणं, सेट रंगवणं हे सगळं असतंच.

प्रकाशाच्या वर्गातला एक धडा सांगते. येलला शिकवणारे स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३०च्या दशकात एक पद्धत मांडली: रंगमंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर दोन बाजूंनी, पंचेचाळीस अंशांतून, एक उबदार आणि एक थंड रंगाचा दिवा टाकायचा. आजही सुरुवात तिथूनच होते. आमच्या प्रयोगशाळेत वर्गातली मुलंच आळीपाळीने दिव्याखाली उभी राहायची. नेहमीचा फिकट गुलाबी-अंबर रंग गोऱ्या चेहऱ्यावर छान दिसला. मी उभी राहिले तेव्हा माझा चेहरा राखाडी, आजारी दिसायला लागला. मी जरा गडद अंबर आणि मागून निळा सुचवला. सरांनी तो लावला आणि पुढचा तासभर आम्ही सगळे वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे बघत बसलो. सावळे चेहरे उजळायची सवय तुला आहे. ती लपवू नकोस, वर्गात बोल.

वर्गात बोलणं हेही शिकावंच लागतं. दर आठवड्याला तुझं काम भिंतीवर लागतं आणि सगळे त्यावर मत देतात. आपल्याला सरांसमोर गप्प बसायची सवय असते. प्राध्यापकांना नावाने हाक मारायला मला सहा महिने लागले. पण कामावर टीका झाली म्हणजे माणूस नापास झाला असं इथे नसतं. तसंच आपण दुसऱ्याच्या कामावर काहीच बोललो नाही, तर ते सौजन्य न वाटता अनास्था वाटते.

वर्कशॉपचे नियम मनापासून पाळ. बंद बूट, डोळ्यांवर चष्मा, प्रत्येक यंत्राचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, उंचावर असताना खाली कुणी उभं राहायचं नाही. मी पुण्यात ओल्या हातांनी प्लग जोडलेत, आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. भारतात परत गेलीस, तर एवढं एक तरी घेऊन जा.

पैसे. स्वतःच्या खिशातून पूर्ण फी भरून हा कोर्स करू नकोस, हे मी ठामपणे सांगते. या क्षेत्रातल्या कमाईतून ते कर्ज फिटत नाही. पण बऱ्याच सरकारी विद्यापीठांत एमएफएच्या मुलांना असिस्टंटशिप मिळते: आठवड्याला वीस तासांपर्यंत वर्कशॉपमध्ये काम करायचं किंवा पदवीच्या मुलांना शिकवायचं, बदल्यात फी माफ आणि थोडा भत्ता. मी त्यावरच शिकले. भत्त्यात दोघी-तिघींनी मिळून घर घेतलं की भागतं, शिल्लक उरत नाही. येलच्या नाट्यविद्यालयात २०२१ साली डेव्हिड गेफन यांनी दिलेल्या पंधरा कोटी डॉलरच्या देणगीमुळे सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची फी माफ झाली. जागा अगदी थोड्या, तरी अर्ज कर. न्यूयॉर्कमधल्या महागड्या विद्यापीठांचं नाव मोठं आहे, पण मदतीचं पत्र हातात आल्याशिवाय त्यांना होकार देऊ नकोस. अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत भरायचे. उर्टा नावाची संस्था अनेक विद्यापीठांच्या मुलाखती एकत्र घडवून आणते, तिथे डिझाइनच्या मुलांनाही संधी असते. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. कुणी त्याआधी घाई केली तर नम्रपणे वेळ माग.

एक अडचण तुझ्या बाबतीत येईल. आपली पदवी तीन वर्षांची आणि काही विद्यापीठं चार वर्षांचीच मानतात. अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी लिहून विचार.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना कॅम्पसबाहेर मनाला येईल तिथे काम करता येत नाही. मित्राच्या नाटकाचे दिवे पैसे घेऊन केलेस तरी तो नियमभंग. पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर बारा महिने आपल्या क्षेत्रात काम करता येतं, त्यात नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलेलं चालत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी दोन वर्षांची मुदतवाढ नाट्य-डिझाइनच्या कोर्सना बहुधा लागू होत नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधी कोर्सचा सीआयपी कोड (अभ्यासक्रम कोणत्या विषयात मोडतो ते सांगणारा सरकारी क्रमांक) विचारून घे. नाटकाचं काम तुकड्यातुकड्यांनी मिळतं आणि पुढच्या कामाच्या व्हिसाला सहसा सलग नोकरी लागते. माझ्याबरोबर शिकलेल्या दोन परदेशी मुली फार गुणी होत्या, या एकाच कारणाने त्यांना परतावं लागलं. मला शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून मी राहू शकले. घरच्यांशी बोलताना हे लपवू नकोस.

म्हणून दिल्लीच्या एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा) अर्जही भर आणि पुण्यातल्या ललित कला केंद्रातल्या शिक्षकांना भेट. अमेरिकेचा अर्ज एका वर्षाने लांबला तरी काही बिघडत नाही. ते वर्ष एखाद्या व्यावसायिक प्रकाशयोजनाकाराबरोबर दौऱ्यावर घालव.

पोर्टफोलिओ आतापासून जमव. करंडक आणि प्रमाणपत्रांना एक ओळ पुरे. त्यांना बघायचं असतं तू विचार कसा करतेस, म्हणून प्रत्येक नाटकाची पहिली खरडलेली चित्रं, टाकून दिलेल्या कल्पना, लाइट प्लॉट (कोणता दिवा कुठे ते दाखवणारा नकाशा), क्यूंची यादी आणि शेवटी प्रयोगाचे फोटो, या क्रमाने लाव. जुन्या एकांकिकांचे प्लॉट तेव्हा केले नसशील तर आठवून आता काढ आणि नंतर काढले आहेत असं खाली लिही. फोटो मोबाइलच्या ऑटोवर काढू नकोस, गडद दृश्यं भगभगीत येतात. रंगीत तालमीला कॅमेऱ्यावाल्या मित्राला बोलाव, एक्सपोजर हाताने ठरवायला सांग. आणि आवडत्या एका मराठी संहितेचं, जी तू कधी केली नाहीस अशा, पूर्ण डिझाइन कागदावर कर. अर्ध्या इंचाचं मॉडेलही बनव, त्यात पुठ्ठ्याचा तीन इंचांहून जरासा कमी उंचीचा माणूस उभा कर, म्हणजे बघणाऱ्याला प्रमाण कळेल. सप्टेंबरपर्यंत झालं तर मला पाठव, मी प्रत्येक पान बघून लिहीन.