रूमशाम ते तुर्किये: वाचकांचे प्रश्न

दोन खंडांत पाय ठेवून उभ्या असलेल्या या देशाविषयी प्रश्न मागवले होते. निम्मी पत्रं खाण्यापिण्याची निघाली, उरलेली इतिहास-भाषेची. त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

तुर्की, तुर्कस्तान की तुर्किये? शाळेत आम्ही ‘तुर्कस्तान’ शिकलो. (वाचक, सातारा)

देशातले लोक १९२३ पासून ‘तुर्किये’च म्हणतात. जून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तेच नाव नोंदवलं, म्हणून बातम्यांत ते नवं वाटतं. खरी कटकट इंग्रजीत होती, कारण तिथे देशाचं आणि एका पक्ष्याचं नाव एकच. मराठीला ती अडचण कधी आलीच नाही.

‘तुर्कस्तान’ मराठीत रुळलेलं आहे आणि लिहिलं तर कुणी चूक म्हणणार नाही. पण भूगोलात तुर्कस्तान म्हणजे मध्य आशिया, उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानचा पट्टा. तिथून निघालेल्या सेल्जुक तुर्कांनी १०७१ साली मांझिकर्तच्या लढाईत पूर्व रोमन सम्राटाला हरवलं आणि अनातोलियाची, म्हणजे आजच्या तुर्कियेच्या आशियाई भागाची, दारं त्यांना उघडी झाली. हा मुलूख त्याआधी रोमन साम्राज्याचा, म्हणून अरबी-फारसीत त्याचं नाव ‘रूम’. नवे मालक आले तरी नाव तेच राहिलं. जुन्या मराठीतला ‘रूमशाम’ हा शब्द तिथलाच: रूम म्हणजे हा प्रदेश, शाम म्हणजे सीरिया.

इस्तंबूलमध्ये युरोप नेमका कुठे संपतो? तिथली माणसं स्वतःला कुठल्या खंडाची समजतात? (वाचक, ठाणे)

बॉस्फरस सामुद्रधुनीच्या मधोमध. ती सुमारे ३१ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर रुंद. त्या अरुंद जागी दोन्ही काठांवर समोरासमोर किल्ले आहेत: आशियाकडे अनादोलू हिसारी, युरोपकडे रुमेली हिसारी. दुसरा किल्ला उस्मानी (ऑटोमन) सुलतान मेहमेद दुसरा याने १४५२ साली चारेक महिन्यांत उभा केला, आणि पुढच्याच वर्षी २९ मे रोजी शहर त्याच्या हाती पडलं. ‘रुमेली’मधला ‘रूम’ ओळखलात का? देशाचा जेमतेम ३ टक्के भूभाग युरोपात आहे आणि राजधानी अंकारा आशियात, पण इस्तंबूलची बहुसंख्य वस्ती युरोपच्या काठावर.

शहरातला माणूस मात्र ‘आज युरोपात जातो’ असं म्हणत नाही. तो म्हणतो ‘कार्शीया गेचियोरुम’, म्हणजे पलीकडे जातोय. ज्या काठावर तुम्ही उभे असाल, त्याच्या समोरचा तो ‘कार्शी’. अधिकृत बोलण्यातही आशियाच्या बाजूला ‘आशिया’ नव्हे, ‘अनादोलू याकासी’, अनातोलियाचा काठ, असंच म्हणतात. खंडांची भाषा पर्यटकांची.

जाणाऱ्यांसाठी: पलीकडे जायला पूल तीन आहेत (१९७३, १९८८ आणि २०१६ चे), पण गर्दीच्या वेळी पुलावरून जाऊ नका. समुद्राखालून जाणारी मारमाराय रेल्वे सिर्केजीहून उस्कुदारला चार मिनिटांत पोचवते. ती २९ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. ठरल्यापेक्षा बरीच उशिरा, कारण येनीकापीला खोदताना जुनं बायझंटाईन (पूर्व रोमन) बंदर लागलं आणि ३७ बुडालेली जहाजं सापडली. घाई नसेल तर एमिनोनूहून काडिकोयची बोट घ्या आणि उजेडी जा.

तोफ, चाकू, कैची हे शब्द तुर्की म्हणतात. मग इस्तंबूलला गेल्यावर आपल्याला थोडंफार कळेल का? (वाचक, नाशिक)

कळेल, पण तुम्हाला वाटतात त्या शब्दांमुळे नाही. तोफ, चाकू, कैची, चकमक हे शब्द मुळात तुर्की गोत्राचे खरे, पण ते मध्य आशियातून फारसीमार्गे आले. इस्तंबूलच्या दुकानात ‘कैची’ मागितलीत तर दुकानदार बघत राहील. तिथे ‘माकास’ म्हणतात. ताश्कंदमध्ये मागा, लगेच मिळेल. ‘चकमक’ दोन्हीकडे आहे: तुर्कियेत सिगारेटच्या लायटरला आजही ‘चाकमाक’ म्हणतात. तोफ तिथे ‘तोप’, आणि तोपकापी राजवाड्याच्या नावाचा अर्थच ‘तोफेचा दरवाजा’. तोफची, मशालची यांतला ‘ची’ प्रत्ययही तुर्की. तिथे चहावाला ‘चायजी’, कॉफीवाला ‘काहवेजी’.

रोजच्या वापरात उपयोगी पडतील ते अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेलेले शब्द: हवा, दुनिया, मैदान, साबण, पनीर. हॉटेलात बिल मागायचं तर ‘हेसाप’, म्हणजे आपला हिशेब. वेटरला द्यायची ती ‘बाहशीश’, म्हणजे बक्षीस. काही शब्द फसवतात. ‘देफ्तेर’ म्हणजे पाठीवरचं दप्तर नव्हे, वही. ‘मिसाफिर’ म्हणजे प्रवासी नव्हे, घरी आलेला पाहुणा. ‘तामाम’ म्हणजे सगळे नव्हे, ‘बरं, ठीक आहे’. हा एक शब्द दिवसाला पन्नास वेळा कानावर पडतो.

तोफेचा विषय निघालाच आहे, तर थेट रूमहून दख्खनेत आलेली एक गोष्ट विजापूरच्या बुरुजावर आहे. मुलूख-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची पंचरसी तोफ १५४९ साली निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव महंमद, आणि त्या नावापुढे ‘रूमी’. तोफा ओतण्यात उस्मानी कारागिरांचा हात तेव्हा धरणारे थोडे होते, आणि दख्खनच्या दरबारांना ते पुरतं ठाऊक होतं.

आजचा शिकलेला तुर्क आजोबांच्या काळचा कागद वाचू शकतो का? (वाचक, पुणे)

आजोबांच्या वडिलांचा म्हणा. तो वाचता येत नाही. १ नोव्हेंबर १९२८ ला अरबी वळणाची लिपी कायद्याने गेली आणि २९ अक्षरांची लॅटिन लिपी आली. वर्तमानपत्रं आणि पाट्यांना महिनाभराची मुदत, पुस्तकांना १ जानेवारी १९२९ पर्यंतची. प्रौढांना शिकवायला ‘राष्ट्रशाळा’ उघडल्या, आणि प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क स्वतः गावोगावी फळा-खडू घेऊन उभे राहिले.

कारण फक्त राजकीय नव्हतं, जुनी लिपी तुर्कीला खरोखर अपुरी पडत होती. तुर्कीत आठ स्वर. अरबी लिपीतलं ‘वाव’ हे एकच अक्षर त्यांतल्या चार स्वरांना, वर ‘व’ या व्यंजनालाही वापरायचं. त्यामुळे ‘ओल्दू’ (झाला) आणि ‘ओल्द्यू’ (मेला) हे दोन शब्द अगदी सारखेच दिसत. अमुक माणूस पाशा झाला की अमुक पाशा वारला, हे मागच्यापुढच्या मजकुरावरून ताडायचं.

इथे आपल्याला मोडी आठवेल, पण मोडीत आणि त्यात फरक आहे. मोडी कागदांचा रुमाल (बासन) कुणी देवनागरीत उतरवून दिला की बहुतेक मजकूर आपल्याला समजतो. तुर्कीत लिपीपाठोपाठ शब्दही बदलले. १९३२ साली स्थापन झालेल्या भाषामंडळाने अरबी-फारसी शब्द वेचून काढले आणि त्या जागी जुने तुर्की किंवा नवे घडवलेले शब्द बसवले. ‘मेक्तेप’ची ‘ओकुल’ झाली, ‘मुआल्लिम’चा ‘ओरेतमेन’. शिवाजी महाराजांच्या काळचा राजव्यवहारकोश किंवा सावरकरांची भाषाशुद्धी यांच्या जातीचाच हा उद्योग, मात्र पाठीशी सरकार आणि शाळा असल्यामुळे तो कैक पटींनी खोल गेला. इतका, की १९२७ साली अतातुर्कांनी सहा दिवसांत ३६ तास केलेलं भाषण पुढच्या पिढ्यांसाठी सोप्या तुर्कीत पुन्हा लिहावं लागलं. स्वतःच्याच सुधारणेने स्वतःचंच भाषण परकं होण्याचा मान फार थोड्या पुढाऱ्यांना मिळाला असेल.

नावं वाचताना नेहमी होणाऱ्या चुका: रोमन ‘सी’चा उच्चार नेहमी ‘ज’, म्हणून मशीद ‘जामी’, ‘कामी’ नव्हे. ‘सी’खाली शेपूट असेल तर ‘च’, ‘एस’खाली असेल तर ‘श’. डोक्यावर वाटी असलेला ‘जी’ स्वतः बोलत नाही, आधीचा स्वर लांबवतो. राष्ट्राध्यक्षांचं आडनाव त्यामुळे ‘एर्दोआन’, ‘एर्दोगान’ नव्हे. आणि ‘आय’ दोन आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. ‘सीमा’ आणि ‘मज्जातंतू’ या दोन शब्दांत फरक तेवढ्या टिंबांचाच.

हे टिंब पर्यटकालाही नडतं. तिथल्या कळफलकावर आपल्या सवयीच्या जागी बिनटिंबाचा ‘आय’ असतो. टिंबाचा उजवीकडे, एंटरच्या जवळ. हॉटेलच्या संगणकावर ईमेलचा पत्ता टाकला आणि ‘असा पत्ता नाही’ असं आलं, तर पासवर्ड बदलत बसू नका, आधी टिंब बघा.

तुर्की कॉफी घरी करून पाहिली. फेस येत नाही आणि तोंडात भुकटी येते. काय चुकतं? (वाचक, कोल्हापूर)

भुकटीचं कारण दळण. ही कॉफी टाल्कम पावडरइतकी बारीक लागते, एस्प्रेसोपेक्षाही बारीक. घरच्या मिक्सरमध्ये काही पीठ, काही रवा असं होतं, आणि तो रवा तरंगत राहतो. कॉफीच्या दुकानातून ‘तुर्की’ दळून घ्या. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर नको.

एका छोट्या कपाला ६५ ते ७० मिली थंड पाणी आणि ७ ग्रॅम कॉफी, म्हणजे सपाट दोन चमचे. साखर हवी तर आधीच घाला: ‘साडे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘ओर्ता’ म्हणजे मध्यम, साधारण एक चमचा. नंतर घालून ढवळलं की तळाचा गाळ वर येतो आणि फेस मोडतो. सगळं भांड्यात घालून गॅस पेटवण्यापूर्वी गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. त्यानंतर चमचा आत घालायचा नाही.

आच अगदी बारीक. एक-दोन कपांना तीन-चार मिनिटं लागली पाहिजेत. कडेने गडद कडं धरतं, मग मधला भाग फुगून वर येतो. काठाशी आला की उतरवा. उकळी फुटली की फेस गेलाच, तो परत येत नाही. चमच्याने फेस प्रत्येक कपात वाटून घ्या, भांडं पुन्हा क्षणभर आचेवर धरा, फुगलं की कडेने हळू ओता. दोन मिनिटं थांबा म्हणजे गाळ बसेल. शेवटचा घोट कपातच ठेवायचा असतो.

फेस न येण्याची कारणं बहुधा तीन: पाणी आधीच गरम घेतलं, आच मोठी ठेवली, किंवा भांडं पसरट निघालं. तिथलं ‘जेझवे’ बुडाशी रुंद आणि गळ्याशी अरुंद असतं, ते उगाच नाही. अरुंद गळ्यात फेस जाड साचतो. फोडणीच्या कढल्यात तो पसरून पातळ होतो. अरुंद तोंडाचं लहान भांडं घ्या आणि ते निम्म्याहून थोडं अधिक भरेल इतकीच कॉफी करा.

एक सांगायला हवं: रोजचं पेय तिथेही चहाच आहे. तो काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात पिकतो. दोन मजली किटलीत वर दाट कोरा चहा पंधरा मिनिटं मुरवतात, आणि खालच्या उकळत्या पाण्याने पेल्यात हवा तेवढा फिका करतात. दूध मागू नका. तरी मान कॉफीचा: न्याहारीला ‘काहवाल्ती’ म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधी पोटात घालायचं ते, आणि तपकिरी रंगाला ‘काहवेरेंगी’.

खुलताबादला शेवटच्या तुर्की खलिफाची कबर आहे असं ऐकलं. खरं का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मकबरा आहे, त्यात खलिफा नाही.

सुलतानपद १ नोव्हेंबर १९२२ ला रद्द झालं. खलिफापद वेगळं काढून ते राजघराण्यातल्या अब्दुलमेजीद यांना दिलं गेलं. गृहस्थ चित्रकार होते आणि चांगले होते. ३ मार्च १९२४ ला अंकाराच्या संसदेने तेही पद मोडीत काढलं. त्याच रात्री त्यांना दोल्माबाहचे राजवाड्यातून मोटारीने चाताल्जा या शहराबाहेरच्या स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं, शहरातल्या सिर्केजी स्टेशनवर गर्दी जमू नये म्हणून. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात पाच वर्षं चळवळ चालली, ती तुर्कांनी स्वतःच संपवली आणि इकडच्या चळवळीचा आधार गेला.

अब्दुलमेजीद फ्रान्समध्ये नीसला राहिले. हैदराबादच्या निजामाने, मीर उस्मान अली खानने, त्यांना तनखा बांधून दिला. १९३१ साली खलिफाची कन्या दुर्रूशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, दिली. त्याच वेळी राजघराण्यातलीच निलोफर धाकट्या मोअज्जम जाहला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि खुलताबाद सुफी संतांच्या दर्ग्यांचं, खुद्द हैदराबादचा पहिला निजाम, आसफजाह पहिला, जिथे पुरला आहे ते ठिकाण. खलिफासाठी मकबरा तिथे बांधला जाणं स्वाभाविकच होतं.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं. महायुद्ध सुरू होतं. पुढे मुलीने खटपट करूनही तुर्कियेने देह आणू दिला नाही. तो सुमारे दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत ठेवलेला होता. १९५४ साली दफन झालं ते मदिनेत. तोवर हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन सहा वर्षं झाली होती, आणि खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.