मोठ्या कंपनीची गुंतवणूक आणि मुलीची पहिली नोकरी

सप्रेम नमस्कार.

खानापुराहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बेंगळुरूच्या एका विद्युत वाहनांच्या स्टार्टअपने तिला नोकरी देऊ केली असून, त्यात एका नामांकित वाहन कंपनीचे पैसे असल्यामुळे ती नोकरी पक्कीच आहे, असे तिचे म्हणणे आहे. ते कितपत खरे, असे आपण विचारता.

पाठीशी मोठी कंपनी असणे ही जमेची बाजू आहे, परंतु ती नोकरीची हमी नव्हे. मोठी कंपनी स्टार्टअपमध्ये पैसे घालते ते मुख्यतः आपल्या गरजेपोटी : जे तंत्रज्ञान स्वतःच्या संशोधन विभागात उभे करायला वर्षे लागतील ते जवळून पाहता यावे, आपल्या उत्पादनात वापरता यावे आणि जमल्यास पुढे विकतही घेता यावे. इंटेलने तर १९९१ मध्येच यासाठी स्वतंत्र गुंतवणूक शाखा काढली. ही गरज बदलली की आस्थाही बदलते.

हिरो मोटोकॉर्प आणि एथर एनर्जी यांचे उदाहरण आपण आणि आपल्या कन्येने मिळून अभ्यासावे. हिरो या दुचाकी कंपनीने २०१६ मध्ये विद्युत स्कूटर बनवणाऱ्या बेंगळुरूच्या एथरमध्ये २०५ कोटी रुपये गुंतवले आणि पुढेही भर घातली. तरीही २०२२ मध्ये हिरोने ‘विडा’ या नावाने स्वतःची विद्युत स्कूटर बाजारात आणली, म्हणजे ज्या कंपनीत हिस्सा होता तिच्याशीच स्पर्धा मांडली; आणि पुढच्याच वर्षी दोघींनी जलद चार्जिंगचे जाळे एकमेकींच्या ग्राहकांना खुले केले. एथर २०२५ मध्ये शेअर बाजारात आली. माझ्या मते ती टिकली याचे एक मोठे कारण असे की तिचे उत्पादन, तिचे नाव आणि तिचे ग्राहक स्वतःचे होते. ज्या स्टार्टअपकडे यांपैकी काहीच नाही, तिला गुंतवणूकदाराने हात आखडता घेताच पगार देणेही कठीण होते.

म्हणून मी गुंतवणुकीच्या बातमीपेक्षा खरेदीच्या ऑर्डरकडे पाहायला सांगतो. बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टार्टअप गॅरेज’ या उपक्रमात कंपनी स्टार्टअपमध्ये हिस्सा घेत नाही, तर तिची ग्राहक होते आणि तिचे तंत्रज्ञान खऱ्या कामावर तपासून पाहते. आपण स्वतः बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉब वर्क, म्हणजे इतर कंपन्यांसाठी सुटे भाग बनवून देण्याचे काम करता. नमुना पास होणे आणि दरमहा ऑर्डर येणे यांत किती अंतर असते, हे आपणास सांगायला नको. तेव्हा मुलीने मुलाखत घेणाऱ्यांना निःसंकोच विचारावे : ती वाहन कंपनी तुमचा माल विकत घेते का, की अजून चाचणीच चालू आहे? तिच्याशिवाय दुसरे ग्राहक आहेत का? हातातला पैसा किती महिने पुरेल? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर तिने जावे असेच मी म्हणेन.

तिने मराठी माध्यमातून शिकल्याची आपण चिंता करू नये. आपल्या भागातल्या मुलांना कन्नड येते, आणि बेंगळुरूच्या कारखान्यात त्याचा उपयोगच होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कास्टिंग (ओतकाम), मशिनिंग आणि रिजेक्शन (तपासणीत माल नापास होणे) यांची घरातूनच झालेली ओळख. संगणकावर सुंदर दिसणारा भाग प्रत्यक्षात परवडेल अशा खर्चात बनेल का, हे सांगू शकणारा माणूस अशा स्टार्टअपला फार लागतो, आणि मोठ्या कंपनीच्या खरेदी व गुणवत्ता विभागाशी बोलणीही पुढे त्यालाच करावी लागतात. तिने डिझाइनपेक्षा पुरवठादार विकासाचे, म्हणजे सुटे भाग बनवणारे कारखाने शोधून त्यांच्याकडून योग्य माल करून घेण्याचे काम मागून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. तो अनुभव घेऊन ती उद्या बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेस (विमानांचे भाग बनवणाऱ्या) वसाहतीतही काम मागू शकेल.

नेमणूकपत्रात पगाराच्या जोडीला कंपनीचे शेअर देऊ केले असतील, तर ते साधारणपणे वर्षभर टिकल्यावर आणि मग टप्प्याटप्प्याने मिळतात, हे ध्यानात ठेवावे. घरभाडे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता यांचा हिशेब केवळ दरमहा हातात येणाऱ्या रकमेवर करावा, आणि ती रक्कम अपुरी पडत असेल तर सही करण्यापूर्वीच बोलून घ्यावे.