कशासाठी जगायचं असं विचारणाऱ्या मुलीला, बनगरवाडीच्या मास्तरबद्दल

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी बरी आहे, पगार वेळेवर होतो, घरचे खूश आहेत आणि तरी सकाळी उठलं की हे सगळं कशासाठी चाललंय असं वाटतं, आपण नेमके कोण हे कळावं म्हणून तू त्या ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट पण देऊन बघितल्यास. मी उपदेश करत बसण्यापेक्षा तुझी एका माणसाशी ओळख करून देतो. तो कादंबरीतला आहे, पण या प्रश्नावर त्याच्याकडे जेवढं आहे तेवढं माझ्याकडे नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. छोटीशी आहे, दोन-तीन बसण्यात होईल. पुढे अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमाही केला, पण तू आधी पुस्तकच वाच.

माणदेशातली धनगरांची वाडी, औंध संस्थानचा काळ, आणि तिथल्या शाळेवर नेमणूक झालेला एक कोवळा पोरगा, तोच गोष्ट सांगतो. लक्षात घे, तो काही ध्येय वगैरे घेऊन गेलेला नाही, ऑर्डर आली म्हणून गेलाय. जाऊन बघतो तर शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे, आणि पोटाचं सोडून पोरानं अक्षरं का गिरवायची हे त्यांच्या आईबापाला पटवणार कोण! वाडीचा प्रमुख, म्हातारा कारभारी मनावर घेतो तेव्हा कुठे शाळा भरायला लागते.

मग हळूहळू लोक मास्तरकडे कामं घेऊन येतात. कुणाला पत्र लिहून हवंय, कुणाला गावाहून काहीतरी आणून हवंय, कुणाचं भांडण ऐकून घ्यायचंय. यातलं काहीच त्याच्या नोकरीत लिहिलेलं नाही, पण तो करत जातो आणि करता करता वाडीचा होतो. अख्ख्या पुस्तकात तो 'मी कोण' म्हणून डोकं धरून बसलेला मला तरी आठवत नाही, आपण वाचणारे मात्र त्याला शेवटपर्यंत पुरते ओळखायला लागतो.

आता चोळीचा प्रसंग, तो सावकाश वाच. कारभाऱ्याची मुलगी अंजी, तिची चोळी मास्तर शिवून आणून देतो. त्याच्या दृष्टीने इतर दहा कामांसारखंच एक काम. पण वाडीच्या दृष्टीने तो बिनलग्नाचा तरुण परका माणूस, मग कुणीतरी कारभाऱ्याचे कान भरतं आणि ज्या म्हाताऱ्याच्या आधारावर सगळं उभं होतं तोच तोंड फिरवतो. मला वाटतं स्वतःची ओळख म्हणतात ती अशीच होते, माझ्या मनात तर काहीच नव्हतं असं आपण म्हणत राहतो आणि लोकांना आपण वेगळेच दिसलेले असतो, आणि ते दिसणंही आपलाच भाग असतो. हे कुठल्या टेस्टमध्ये कसं येणार, सांग.

नंतर तालमीचं येतं. मास्तरच्या डोक्यातली कल्पना, पण वाडीतली माणसं स्वतः राबून ती बांधतात आणि उद्घाटनाला खुद्द राजा येतो. (औंधचे राजे सूर्यनमस्कारासाठी प्रसिद्धच होते, त्यामुळे तालीम बघायला राजा येणं त्या मुलखात अगदी शोभतं.) इथेच संपवली असती तर छान प्रेरणादायी गोष्ट झाली असती, पण माडगूळकर तसं करत नाहीत. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, कारभारी जातो, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरची बदली होते. मग ती तालीम फुकट गेली का? पुष्कळ जण हो म्हणतील, मी नाही म्हणतो. ती बांधताना जे एकत्र आले होते ते खरोखर आले होते, पुढे पाऊस पडला नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. तुला भीती वाटते ना की चुकीच्या कामात वर्षं गेली तर काय, म्हणून एवढं लिहिलं.

आणि एक, तुझ्याच पत्रातलं. ऑफिसात नवीन आलेली पोरं त्यांचे डाऊट घेऊन तुझ्याकडेच येतात आणि बिल्डिंगमधल्या आजी पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर करून घ्यायला तुलाच गाठतात, हे तू 'यातच वेळ जातो' म्हणून एका ओळीत उरकलंयस. मला तुझ्या सगळ्या पत्रात ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. नोकरी सोडायची की नाही ते आत्ता ठरवू नकोस, महिनाभर नुसतं बघ की लोक तुझ्याकडे काय मागायला येतात, कोणतं काम करताना तू घड्याळ बघत नाहीस आणि कशाने खरंच वैतागतेस. वैतागतेस तेही लिहून ठेव, मास्तरलाही सगळंच आवडत नव्हतं.

पुस्तक लायब्ररीत नक्की मिळेल, नाही मिळालं तर माझी प्रत पाठवतो. वाचून झालं की चोळीच्या प्रसंगात तुला कारभाऱ्याचं पटलं की मास्तरचं, ते मला कळव, त्यावर आपण भांडू.

तुझा,
काका