नाकावर शिंग, पण सगळ्यांना नाही?

प्रश्न: इक्वेडोरच्या एका सरड्याच्या नाकावर लांब शिंग दिसलं, दुसऱ्या फोटोत तसाच सरडा पण बिनशिंगाचा. जाती दोन का?

उत्तर: नाही हो, एकच, ॲनोलिस प्रोबॉसिस! शिंग फक्त नराला असतं, तेही मऊ, वाकणारं. १९५६ ला वर्णन झालं, मग कित्येक वर्षं पत्ताच नाही, आणि २००५ च्या सुमारास इक्वेडोरमधल्या मिंदो गावाजवळच्या जंगलात परत सापडला. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्येही असाच नाकावर शिंग असलेला सरडा, ॲनोलिस फायलोरायनस आहे, आधी शिंग बघून दोघांना एकाच गटात टाकलेलं पण डीएनए तपासल्यावर कळलं की जवळचं नातं नाहीच, दोघांचं शिंग आपापलं, वेगवेगळं आलंय. तर, शिंग नरालाच असल्यामुळे तुमचा बिनशिंगाचा फोटो मादीचा असू शकतो.