स्वभाव तापट असेल तर दोष कोणाचा?

प्रश्न : मी निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीत काट्यावर बसतो. पोती लावताना चूक झाली म्हणून मी गेल्या महिन्यात एका हमालावर लोखंडी वजन फेकले. नशिबाने ते लागले नाही. मालक रोज टाकून बोलतात, ते मी मुकाट्याने ऐकतो. हाताखालच्या माणसांसमोर मात्र माझा तोल जातो. वडीलही असेच तापट होते. स्वभाव मी निवडलेला नाही आणि विचार तर न बोलावता येतात. मग दोष माझा कसा?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : विचार न बोलावता येतो, हे मान्य, पण तो मनात घोळवत बसणे हे आपोआप होत नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना आणि कामनेतून क्रोध अशी साखळी सांगितली आहे. म्हणजे राग ही तिची पहिली कडी नव्हे.

वजन लागले नाही, याचा आधार तुम्ही फार घेऊ नये. तुमच्याकडे जैन वस्ती मोठी आहे, तेव्हा द्रव्यहिंसा (प्रत्यक्ष घडलेली इजा) आणि भावहिंसा (मनात घडलेली हिंसा) हा भेद तुमच्या कानावर आला असेल. जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत किडा सापडला, तर त्याला हिंसेचा दोष लागत नाही. उलट कषायाच्या, म्हणजे क्रोधासारख्या विकाराच्या भरात हात उगारला, तर इजा झाली नाही तरी भावहिंसा घडलेलीच असते.

राहिला स्वभाव. ॲरिस्टॉटल म्हणतो, सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे आपल्या हाती होते; स्वभावही वारंवारच्या कृतींनी असाच घडत जातो. मला हे पूर्ण पटत नाही, कारण मारझोडीच्या घरात वाढलेल्या मुलाच्या हाती तो पहिला दगड बहुधा मोठ्यांनीच दिलेला असतो. बालपणाचा तेवढा भार मी तुमच्यावर टाकणार नाही. मात्र मालकासमोर गप्प बसणारा आणि हमालासमोर सुटणारा राग माणूस पाहून उठतो, हे तुमच्याच पत्रातून दिसते. ज्याला एका जागी आवर घालता येतो, त्याला दुसऱ्या जागी तो घालता येत नाही, असे म्हणणे अवघड आहे. (मालकांच्या बोलण्याचा दोष अर्थातच मालकांचा, तो हमालाच्या अंगावर उतरवायचा नव्हता.)

त्या हमालाची तुम्ही माफी मागितली का, याचा पत्रात उल्लेख नाही.